तुकोबांनी पैसे घेतले होते का?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार.

मी ६३ वर्षांची, बँकेतून निवृत्त झालेली. आमचं महिला भजनी मंडळ आहे. आम्ही ३८ जणी दर गुरुवारी दत्ताच्या देवळात जमतो. महिन्यापूर्वी एका तरुण गायिकेची बैठक ऐकली. तिने तुकोबांचे आणि जनाबाईंचे आठ अभंग स्वतः चाली लावून रेकॉर्ड केलेत. बैठकीनंतर टेबलावर क्यूआर कोड ठेवला होता. ३५० रुपये भरले की मोबाइलवर लिंक येते आणि गाणी डाउनलोड करता येतात. मी घेतली. इतकी आवडली की घरी येऊन आठही मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली.

तिथून ती कुठे कुठे गेली देव जाणे. परवा त्या मुलीचा फोन आला. ती पूर्वी माझ्या वहिनीकडे शिकायची. रागावली नाही. "काकू, आठही टाकलीत का हो?" एवढंच विचारलं. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली, पण तेव्हापासून घास गोड लागत नाही. मंडळात विषय काढला तर आमच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "तुकोबांनी पैसे घेतले होते का? देवाचं नाव जितकं पसरेल तितकं बरं." अर्ध्या जणींनी माना डोलावल्या. खोटं कशाला बोलू, मलाही घटकाभर पटलं. भाचा तर म्हणतो, मावशी, जावयाने दिलेल्या पेनड्राइव्हमधली २,७०० जुनी गाणीही चोरीचीच, ती आधी पुसून टाक. खरं काय? आणि आता करू काय?

— वहीत अभंग उतरवून घेणारी, कराड

उत्तर

ताई, नमस्कार.

अध्यक्षीणबाईंचा प्रश्न आधी घेतो. तो उडवून लावण्यासारखा नाही आणि त्याचं उत्तर तुकोबांच्याच घरात सापडतं.

तुम्ही भजनातल्या, म्हणजे ही कथा कीर्तनात दहा वेळा ऐकली असेल. तुकोबांचं घर सावकारीचं. दुष्काळात सगळं बसलं, पुढे वैराग्य आलं, आणि लोकांकडून येणं असलेल्या रकमांची खतपत्रं इंद्रायणीत बुडवायची असं त्यांनी ठरवलं. धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, तू साधू झालास, मला संसार आहे. तेव्हा तुकोबांनी काय केलं? खतांचे दोन वाटे केले. कान्होबाचा वाटा कान्होबाला दिला आणि फक्त स्वतःचा नदीत सोडला.

कीर्तनकार बहुधा बुडवलेल्या खतांवर रंगतात. मला मात्र कान्होबाच्या हातात राहिलेली खतं जास्त बोलकी वाटतात. सोडायचं तर आपलं येणं सोडावं, भावाचं नाही, हे तुकोबांना पक्कं कळत होतं. तुमच्या ग्रुपवर त्या रात्री जी खतं पाण्यात गेली ती त्या मुलीच्या वाट्याची होती. अध्यक्षीणबाई पुढच्या गुरुवारी पुन्हा तोच प्रश्न विचारतील तेव्हा वाद घालू नका, ही कथा सांगा. भजनी मंडळात कायद्याच्या कलमापेक्षा ती लवकर पोचेल.

आता अभंगाकडे. अभंग हा एकच जिन्नस वाटतो, पण तुम्ही डाउनलोड केलेल्या फाइलमध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. शब्द तुकोबांचे आणि जनाबाईंचे. ते सगळ्यांचे आहेत, त्यावर कोणाची मालकी नाही. वारकरी परंपरेतली जुनी चाल असती तर तीही सगळ्यांचीच. पण या मुलीने चाली स्वतः लावल्यात. भारतीय कायद्यात चालीवर रचणाऱ्याचा हक्क त्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं राहतो. तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण. त्याचा हक्क निराळा, प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षांचा. "देवाचं नाव" म्हणून जे फुकट आहे ते पहिलं. तुम्ही वाटलंत ते दुसरं आणि तिसरं.

गंमत म्हणजे तुमच्या मंडळाला जे खरोखर करायचं आहे त्याला कायदा कुठेच आड येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात धार्मिक समारंभाला स्पष्ट सूट आहे. देवळातल्या उत्सवात तिची चाल गा, लाउडस्पीकरवर तिचं गाणं लावा, कोणी हरकत घेणार नाही. लग्नाच्या वरातीलाही तीच सूट आहे. (आपल्या वराती ऐकल्या की ही सूट काढून घ्यावी असं मला अधूनमधून वाटतं, ते असो.) चाल कानावरून उचलून तुम्ही ३८ जणींनी टाळ घेऊन म्हटलीत तर त्या मुलीचं काही जात नाही. उलट कुठल्याही संगीतकाराला आपली चाल देवळात पोचली याहून मोठं सुख नसतं. फाइलच्या ३८ प्रती करणं यात बसत नाही. ती विक्रीची वस्तू होती आणि तिची किंमत टेबलावर लिहिलेली होती.

त्या ३५० रुपयांत काय असतं ते एकदा जवळून पाहिलंय, म्हणून सांगतो. तीन-चार वर्षांपूर्वी ओळखीच्या एकांनी मला अभंगाच्या रेकॉर्डिंगला बसायला बोलावलं. मे महिना. माइकवर घरघर येते म्हणून एसी बंद, पंखा बंद. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात, ती त्या उकाड्यात वाळून स्वर चढायचा. दर अर्ध्या तासाने वादक कणीक खरवडून काढायचा, नवी मळून लावायचा, पुन्हा स्वर जुळवायचा. तोवर स्टुडिओचं तासाचं भाडं चालूच. मग टाळाचा आवाज गायिकेच्या माइकमध्ये शिरतोय असं निघालं, तेव्हा टाळकऱ्याला बाहेर बसवून त्याचं काम नंतर वेगळं घेतलं. सकाळी दहाला सुरू झालेला सहा मिनिटांचा एक अभंग दुपारी साडेचारला हातात आला, तोही कच्चा. त्यावर मिक्सिंगवाल्याचं काम निराळं. असे आठ. मोठ्या कंपनीचा पैसा मागे नसताना हा खर्च कोणी केलेला असतो? बहुतेक वेळा गाणाऱ्यानेच, शिकवण्यांच्या पैशातून.

"पण ऑनलाइन फुकट ऐकायला मिळतंच की," असं कोणीतरी म्हणेल. मिळतं. तिथे एकदा ऐकल्याचे कलाकाराला जे मिळतात ते पैशांत मोजायचे, रुपयापर्यंतही पोचत नाहीत. लाखो वेळा ऐकलं जाणाऱ्या फिल्मी गाण्याचं त्यावर भागतं. कराड-साताऱ्यात बैठका करणाऱ्या मुलीचं भागत नाही, म्हणून तर ती टेबल मांडून बसते.

आता हिशेब प्रामाणिकपणे करू. ३७ जणी गुणिले ३५० म्हणजे १२,९५० रुपयांचं नुकसान, असा आरोप मी तुमच्यावर करणार नाही. मोठ्या कंपन्या असे आकडे मांडतात आणि ते फुगवलेले असतात. ३७ पैकी बहुतेकींनी अल्बम विकत घेतलाच नसता, काहींनी तर तुम्ही पाठवलेला उघडूनही पाहिला नसेल. पण चार-पाच जणींनी घेतला असता ना? नात गाणं शिकते त्या एकीने, दिवाळीत भावजयीला काय द्यावं म्हणून विचारात पडलेल्या दुसरीने. पाच म्हटले तरी १,७५० रुपये होतात. पखवाजवाल्याच्या जाण्यायेण्याचा खर्च त्यातून निघाला असता. शिवाय ग्रुपवरून पुढे गेलेलं वेगळंच, त्याची मोजदाद ना तुमच्याकडे ना तिच्याकडे. "काकू, आठही टाकलीत का हो?" या प्रश्नात तीच भीती आहे. एखादं टाकलं असतं तर जाहिरात झाली असती. आठही टाकल्यावर विकायला काही उरलंच नाही.

मग तुम्ही चोर ठरता का? नाही. आवडलेली गोष्ट एकटीने न खाता वाटून टाकायची, हे आपल्याकडचं चांगलं वळण आहे. मुरांबा केला तर वाटीभर शेजारी जातोच. पण मुरांब्याची वाटी दिली की आपल्या बरणीतलं तेवढं कमी होतं, म्हणून दिल्याचं मोल असतं. फाइल दिली तर तुमच्या मोबाइलमधलं काहीच कमी होत नाही. कमी होतं ते तिच्या टेबलावरचं, आणि ते तुम्हाला दिसत नाही. सगळी गोची या न दिसण्यात आहे.

आणि मी कोण तुम्हाला सांगणार? १९८६-८७ च्या सुमारास कोल्हापुरात कॉलेजात असताना संध्याकाळी मी एका कॅसेटच्या दुकानात कामाला होतो. गिऱ्हाईक वहीच्या कागदावर गाण्यांची यादी आणायचं, साठची की नव्वदची ते सांगायचं, आणि आम्ही कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून द्यायचो. ए बाजूला भावगीतं, बी बाजूला हिंदी. बाजू संपताना गाणं मध्येच तुटू नये म्हणून मी मिनिटांची बेरीज करून शेवटी छोटं गाणं बसवायचो, आणि त्या कौशल्याचा मला भारी अभिमान होता. दुकानाबाहेर पाटी होती: "ओरिजिनल कॅसेटवरून भरून मिळेल." एक ओरिजिनल विकत घ्यायची आणि तिच्यावरून गावाला भरून द्यायची, यात पाटी लावून मिरवण्यासारखं काही नाही हे मालकाला सुचलं नाही, मला नाही, गिऱ्हाइकांनाही नाही. माझी एका वर्षाची फी त्यातून गेली. आजही त्या दुकानाची आठवण आली की मला आधी नव्या टेपचा वास आठवतो, लाज नंतर वाटते. तेव्हा तुमच्या ग्रुपवरच्या बायकांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. फरक एवढाच मांडतो की त्या दुकानात माझ्यासमोर कोणी गायिका येऊन उभी राहिली नाही. तुम्हाला तिचा फोन आला.

म्हणूनच पेनड्राइव्हचा प्रश्न मी या प्रश्नाच्या पंगतीला बसवत नाही.

तुमच्या भाच्याचं कायद्याने बरचसं बरोबर आहे, पण सरसकट नाही. पेनड्राइव्हमध्ये जुनी नाट्यगीतं असतील तर त्यातली पुष्कळ कधीच मोकळी झालीत. १९११ सालच्या 'मानापमाना'चं उदाहरण घ्या. शब्द खाडिलकरांचे. ते १९४८ साली गेले, म्हणून शब्द २००९ पासून मोकळे. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. ते १९५५ साली गेले, म्हणून चाली २०१६ पासून मोकळ्या. बालगंधर्वांची जुनी तबकडी साठ वर्षांपूर्वीची असली की तीही मोकळी. ती ऐका, वाटा, नातवंडांच्या मोबाइलमध्ये भरा, कोणाच्या बापाचं काही जात नाही. (ही साठ वर्षांची मुदत मुळात पन्नास होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली गेले, त्यांच्या साहित्याची मुदत १९९१ अखेर संपत आली, तेव्हा कायदा बदलून सगळ्यांनाच दहा वर्षं वाढवून दिली.)

भावगीतांचं तसं नाही. तबकडी १९६० ची असेल तर ध्वनिमुद्रण २०२१ पासून मोकळं झालं, पण गदिमा १९७७ साली गेले म्हणून त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे, आणि बाबूजी (सुधीर फडके) २००२ साली गेले म्हणून त्यांच्या चालींवरचा २०६२ पर्यंत. म्हणजे एकाच गाण्याचा एक भाग खुला आणि दोन कुलूपबंद. हे तुमच्या जावयाला माहीत असण्याची अपेक्षा मी करत नाही.

आणि या जुन्या गाण्यांचे पैसे भरले असते तर ते कोणाला पोचले असते? त्या काळी वादकाला आणि बहुतेक गायकांना रेकॉर्डिंगच्या दिवशी एकदा पैसे मिळायचे आणि संबंध संपायचा. साठच्या दशकात लता मंगेशकरांनी गायकांना रॉयल्टी हवी म्हणून आवाज उठवला. रफीसाहेबांचं मत उलट होतं, गाण्याचे पैसे घेतले की आपला हक्क संपला. त्यावरून दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क सही करून कंपनीला देऊन टाकता येणार नाही, अशी तरतूद व्हायला २०१२ साल उजाडलं. तिच्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले. तोवर कित्येक जण निघून गेले होते.

म्हणून तुमचा पेनड्राइव्ह पुसा असं मी सांगणार नाही. पुढे कोणाला भरून देऊ नका एवढं पाळा. आणि आजकाल यातली बहुतेक गाणी कंपन्यांनी स्वतःच जाहिराती लावून यूट्यूबवर ठेवलीत. तिथे ऐकलीत तर थोडंफार का होईना हक्कदारांकडे जातं. मुंबईत १९९० पासून जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांची संस्था आहे, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स. अशा वेड्या माणसांनी गाणी जपून ठेवली, त्यांच्या प्रती केल्या, नाहीतर आपल्या संगीताचा मोठा तुकडा भंगारात गेला असता. बाजारात कुठेच मिळत नसलेली गोष्ट जपणं आणि समोर टेबलावर मांडलेली गोष्ट उचलणं, दोन्हीला कायदा एकच शब्द लावत असेल. मी लावत नाही.

तुरुंगाची धास्ती मात्र मनातून काढा. कायद्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड लिहिलाय खरा. पण नफ्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालयाला शिक्षा कमी करता येते. भजनी मंडळाच्या दारात पोलीस यायचे नाहीत. तुमचा घास अडतोय तो पोलिसांच्या भीतीने नाहीच, तुम्ही फोनवर वेळ मारून नेलीत म्हणून अडतोय.

तेव्हा आधी फोन. "मुलांनी टाकलं", "मला ठाऊक नव्हतं" यातलं काही म्हणू नका. "हो गं, आठही मीच टाकली. परवा बोलताना टाळाटाळ केली, तेही चुकलं," इतकं पुरे. मग तिला विचारा की काय केलेलं तिला चालेल. इथे माझी एक विनंती आहे. तुमच्या मनाने ठरवून तिच्या खात्यावर पैसे पाठवून मोकळ्या होऊ नका. ते दंड भरल्यासारखं होतं आणि समोरच्याला अवघडायला होतं. कदाचित ती म्हणेल, एक अभंग राहू द्या, सात काढा. कदाचित म्हणेल, लिंक तेवढी ग्रुपवर टाका. तिचा माल आहे, तिला ठरवू द्या.

मग ग्रुप. अडीच दिवस उलटल्यावर "सगळ्यांसाठी डिलीट" चालत नाही आणि ज्यांच्या मोबाइलमध्ये फाइल उतरलीय तिथून ती तशीही जाणार नाही. म्हणून सांगावंच लागेल. असं लिहा: "मैत्रिणींनो, मी टाकलेले आठ अभंग विकत घ्यायचे होते, वाटायचे नव्हते. चूक माझी. कृपया काढून टाका आणि पुढे पाठवू नका. आवडले असतील तर ही लिंक, ३५० रुपये. मी घेतलेत, मोलाचे आहेत." खाली हात जोडलेले चिन्ह एकच टाका, दहा नकोत. दोघी-तिघी नाराज होतील, एखादी ग्रुप सोडून जाईल आणि आठवड्याने परत येईल. तुम्ही बँकेत काम केलंय, काउंटरवर याहून कठीण माणसं पाहिली असतील.

आणि जमलं तर मंडळाच्या वर्गणीतून तिला एखाद्या एकादशीला बोलवा. बोलावताना बिदागी आधी विचारा आणि ठरलेली द्या. आपल्याकडे गाणाऱ्याला शाल आणि नारळ देऊन फोटो काढायची फार वाईट खोड आहे. मी ओळखतो त्या एका बुवांच्या घरी २३ शाली आहेत आणि हार्मोनियमच्या भात्याला दोन वर्षं चिकटपट्टी लावलेली आहे. दोघी-तिघींना तिच्याकडून चाल नीट शिकून घेता आली तर उत्तमच. मग गुरुवारी देवळात तुम्ही ३८ जणी तेच अभंग म्हणाल, कुणाच्याही मोबाइलमधली फाइल न लावता.

तुम्ही सहीत लिहिलंत की अभंग वहीत उतरवून घेता. आपल्या जुन्या भजनाच्या वह्यांत प्रत्येक अभंगावर 'चाल' असं लिहून पुढे एखाद्या प्रसिद्ध गाण्याची ओळ असते. या आठ अभंगांवर त्या जागी तिचं नाव लिहा.

फोन दुपारी चारनंतर करा. सकाळी रियाज असतो.